फुलांच्या घरातला हिशोब

कुठलाही दुकानदार म्हणेल, आज खपलं नाही तर उद्या खपेल. किराणावाला म्हणेल, कापडवाला म्हणेल. फुलवाल्याला ते म्हणता येत नाही. पहाटे तोडलेला गलांडा उन्हं चढली की मलूल होतो. निशिगंधाची कळी संध्याकाळपर्यंत उमलते आणि दुसऱ्या सकाळी कडेनं तपकिरी पडते. गुलाबाला बर्फाच्या पेटीत दोन-चार दिवस जास्त मिळतात, एवढंच. शिल्लक माल नावाची गोष्ट आमच्या धंद्यात नाही. रात्री बुट्टीत जे उरतं ते खताच्या खड्ड्यात जातं आणि त्या दिवसाचा हिशोब तिथंच संपतो.

मी लग्न होऊन गडमुडशिंगीत आले ती फुलांच्या घरात. माझ्या माहेरी ऊस आणि म्हशी होत्या. दारातल्या जास्वंदीपलीकडे फुलांशी संबंध नव्हता. इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पहाटे उठवून रानात नेलं, आणि तेव्हापासून माझी सकाळ लोकांच्या सकाळीआधी सुरू होते.

गाव करवीर तालुक्यातलं, कोल्हापूरला अगदी लागून. एका अंगाला उजळाईवाडीचा विमानतळ, दुसऱ्या अंगाला गांधीनगरची कापडपेठ. विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ सालचा. त्याची धावपट्टी वाढत गेली तशी आमच्या गावची जमीनही त्यात गेली. गांधीनगरच्या जागी दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, वळिवड्याची छावणी म्हणून. ती माणसं गेली आणि फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली. त्यांनी कापडाची एवढी मोठी पेठ उभी केली. मामा, म्हणजे माझे सासरे, हे सगळं त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "कोनबी येऊ दे आन् कोनबी जाऊ दे, फूल सगळ्यास्नी लागतंय."

ऊसपट्ट्यात माणसं फुलाकडे का वळतात, याचं उत्तर पैशाच्या येण्यात आहे. उसाचं बिल यायला वर्ष-दीड वर्ष जातं, आणि आलं की सोसायटीचं कर्ज त्यातनं आधी वळतं होतं. फुलाचा पैसा रोज येतो. थोडा येतो, पण रोज येतो. पोराची फी, दवाखाना, पाहुण्याचा चहा, बाजारचा दिवस, हे सगळं त्यातनं निघतं. आमच्या घरात ऊस मामांचा आणि फुलं आत्याबाईंची अशी वाटणीच होती. कागदावर कुठं नव्हती, पण सगळ्यांना माहीत होती. अर्धा एकर निशिगंध, त्याच्या शेजारी हंगामाप्रमाणं झेंडू नाहीतर गलांडा, बांधाकडेला थोडी शेवंती. एवढ्यावर त्यांनी चार पोरं शिकवली.

निशिगंधाची तोडणी मी त्यांच्याकडून शिकले. जमिनीतनं लांब हिरवी पाती येतात, मधून सरळ दांडी, आणि दांडीवर खालून वर कळ्यांच्या जोड्या. फुलणं खालून सुरू होतं. हारासाठी सुटी फुलं तोडताना रोज प्रत्येक दांडीवरच्या खालच्या एक-दोन जोड्याच घ्यायच्या. वरच्या उद्याच्या, त्याच्यावरच्या परवाच्या. कळीच्या टोकाला हिरवट झाक असेल तर ती कच्ची. तोडली तर उमलत नाही आणि हारात काळी पडते. टोक पांढरं, पोट फुगलेलं, पण तोंड मिटलेलं, अशी कळी घ्यायची. पहाटे बॅटरीच्या उजेडात हा फरक डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळतो. आत्याबाई म्हणायच्या, "आदी कळी वळखायला शीक. हात मग आपोआप चालतुया." किलोभर कळी व्हायला हजाराच्या आसपास कळ्या लागतात. म्हणजे किलोमागे हजार वेळा हात पुढं जातो, कळी चिमटीत धरतो, खुडतो आणि ओट्यात टाकतो. दव असतं, पायात चिखल असतो, पावसाळ्यात पाठीवर इरलं असतं. दिवस वर यायच्या आत सगळं रान फिरून व्हावं लागतं, कारण ऊन लागलं की कळी तोंड उघडते आणि उघडलेल्या कळीला बाजारात निम्मा दर.

निशिगंधाचा कंद एप्रिल-मेमध्ये लावतात. पावसाळ्यात दांड्या सुरू होतात आणि नीट राखला तर तीन वर्षं फूल देतो. थंडीत कमी येतो, तेव्हा दर चढतो. एकेरी पाकळीचा हाराला, दुहेरी पाकळीचा फुलदाणीला आणि गुच्छाला. वासाच्या बाबतीत एकेरीला तोड नाही, हे माझं ठाम मत आहे. दुहेरी दिसायला भरदार, पण संध्याकाळी अंगणात बुट्टी ठेवली तर रस्त्यावरचा माणूस थांबतो तो एकेरीच्या वासानं.

मामांनी उमेदीच्या काळात सायकलवरनं फूल नेलं. मागच्या कॅरेजला दोन बुट्ट्या, वर ओलं गोणपाट, आणि अंधारात उचगावमार्गे कोल्हापूर. शिंगोशी मार्केटच्या फूलबाजारात सूर्य उगवायच्या आत पोचावं लागे. पुढं गावातल्या चार-पाच घरांनी मिळून टेम्पो सुरू केला. बाजाराची रीत मात्र तीच राहिली. अडत्यापुढं माल उतरायचा, तो मूठभर उचलून वर धरतो, हारवाले, देवळापुढचे विक्रेते, मंडपवाले भोवती उभे, बोली चढत जाते आणि तुटते. मग पट्टी हातात पडते. त्यात वजन, दर, अडत, हमाली, आणि खाली उरलेली रक्कम. ती वाचताना मामांच्या चेहऱ्यावरनं दिवस कसा गेला ते कळायचं. हॉलंडमध्ये आल्समीर नावाच्या गावी फुलांचा जगातला फार मोठा लिलाव चालतो. तिथं दर वरनं सुरू होऊन घड्याळाच्या काट्याबरोबर खाली येतो आणि जो व्यापारी आधी बटण दाबेल त्याला माल. हे मला मुलीनं मोबाइलवर दाखवलं. दर वरनं खाली येवो की खालनं वर चढो, फूल पिकवणाऱ्यानं स्वतः दर सांगायची सोय दोन्हीकडे नाही. बाकी कुठल्या मालाचा मालक इतका गप्प उभा राहतो, मला माहीत नाही.

दर ठरवतं ते पंचांग. एरवी २०-३० रुपये किलोवर रेंगाळणारा झेंडू खंडेनवमीला शंभरावर जातो आणि दसऱ्याच्या दुपारी बारानंतर त्याला कुणी विचारत नाही. श्रावणात फुलाला तेज असतं. गणपतीत दूर्वा, आघाडा, केवडा, गौरीसाठी शेवंतीच्या वेण्या, सगळ्यांना मागणी असते. अनंत चतुर्दशी झाली की पितृपंधरवडा लागतो आणि बाजार झोपतो. त्या पंधरा दिवसांत झाडं मात्र झोपत नाहीत, रान फुलांनी लदबदलेलं असतं. मग घटस्थापना. आमच्या कोल्हापुरात नवरात्र म्हणजे अंबाबाई. रोज वेगळी पूजा, ललिता पंचमीला त्र्यंबोलीची यात्रा, गावोगावच्या घरांत घटावर रोज वाढणारी माळ. मार्गशीर्षातले गुरुवार, लग्नसराई, चैत्रात जोतिबाची यात्रा, तिथं गुलाल आणि दवणा. अधिक महिना आला तर सगळी गणितं पुढं सरकतात. शेतकऱ्याला पाऊस बघावा लागतो, फूलवाल्याला पाऊस आणि पंचांग दोन्ही.

आणि पंचांग आजचं बघून चालत नाही. दसऱ्याचा झेंडू दसऱ्याला लावता येत नाही. रोप तयार करायला तीन-चार आठवडे, लावल्यापासून फूल यायला दोन महिने. म्हणजे आषाढात बसून आश्विनाचा विचार करायचा. मावळातले गुलाबवाले डिसेंबरात छाटणी करतात, कारण फेब्रुवारीच्या सुरुवातीला परदेशी विमानात कळी चढवायची असते. चार दिवस इकडं-तिकडं झाले तर कळी उमलून बसते किंवा मिटलेलीच राहते. ढगाळ हवा आली, थंडी लांबली, तर इतक्या महिन्यांची मांडणी चार दिवसांनी चुकते. झेंडू दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी भरून आला तर त्याची किंमत तोडणीच्या मजुरीएवढीही होत नाही. माझ्या डोळ्यांदेखत गावातल्या माणसांनी असल्या भरल्या रानात जनावरं सोडलीत.

खंडेनवमीची रात्र मला सगळ्यात आवडते. आमच्या आजूबाजूला गोकुळ शिरगावची एमआयडीसी, पलीकडे शिरोली, कागल. फौंड्र्या आणि मशिनशॉप्स. प्रत्येक लेथला, प्रत्येक भट्टीला, ट्रकला, रिक्षाला, शेतातल्या मोटरला हार पाहिजे असतो. त्या रात्री आमच्या घरात कुणी झोपत नाही. ओसरीवर झेंडूचा ढीग, भोवतीनं बायका, जावा, नणंदा, शेजारच्या मावश्या, पोरी. मोठी सुई, दुहेरी दोरा. झेंडू ओवताना सुई देठाच्या बाजूनं बरोबर मधून घालायची, नाहीतर फूल दोऱ्यावर फिरतं आणि हार एकीकडं पालथा पडतो. दोन फुलांत आंब्याचं पान. पिवळा, केशरी, पिवळा. मध्यरात्रीनंतर बोटं काळी-पिवळी होतात, वास नाकात बसतो, दोऱ्यानं करंगळीवर चीर पडते. कुणीतरी जुन्या ओव्या काढतं, कुणी सासरची गाऱ्हाणी. पहाटे एमआयडीसीतली पोरं मोटारसायकलवर येतात आणि खांद्यावर हारांचे जुडगे टाकून जातात. लोखंडावर फूल चढवणारी ही माणसं. त्यांच्यासाठी जागायला मला कधी जड वाटलं नाही.

ताज्या लांब दांडीच्या फुलांचं दुकान आम्ही बऱ्याच उशिरा टाकलं. यांनी तळेगाव दाभाड्याच्या प्रशिक्षण केंद्रात काही दिवस काढले, आणि परत येताना डोक्यात जरबेरा, कार्नेशन, डच गुलाब असं सगळं घेऊन आले. पॉलिहाऊस उभारायची आमची ऐपत नव्हती. शिरोळ-हातकणंगल्याकडच्या पॉलिहाऊसमधनं माल घ्यायचा, आमच्या रानातला दुहेरी निशिगंध जोडीला ठेवायचा आणि शहराकडं जाणाऱ्या रस्त्याला गुच्छ, स्टेज, गाडीची सजावट असं काम घ्यायचं ठरलं. मामांना हे फारसं रुचलं नव्हतं. वास नसलेलं फूल ते फूल मानायचे नाहीत. पण त्यांनी अडवलं नाही, बादल्या मात्र स्वतः विसळून द्यायचे.

बादल्या विसळण्यात या धंद्याचं निम्मं शहाणपण आहे, हे मला तेव्हा कळलं. दांडी तोडली की मुळाकडून येणारं पाणी थांबतं, पण पानापाकळ्यांतनं पाणी उडणं थांबत नाही. कापलेल्या तोंडातनं दांडीच्या बारीक नळ्यांत हवा शिरते. बादलीतलं पाणी शिळं झालं की त्यात वाढलेले जिवाणू त्याच नळ्या बुजवतात. मग फूल पाण्यात उभं असूनही तहानेनं मान टाकतं. म्हणून रोज पाणी बदलायचं, बादली घासायची, दांडी धारदार सुरीनं तिरकी कापायची आणि शक्यतो पाण्यात बुडवूनच कापायची. पाण्याखाली येणारी पानं काढून टाकायची, कारण ती कुजतात. गुलाबाला पाणी खोल लागतं. जरबेऱ्याची दांडी लवदार आणि पोकळ, तिला चार बोटं पाणी पुरे, जास्त झालं तर बुडातनं सडते. जरबेरा झाडावरनं कापतही नाहीत, दांडी धरून हलकेच पिळून उपटतात. मधल्या चकतीच्या बाहेरच्या दोन रांगांत पराग दिसला की तो तोडायला आला. घाई केली तर दोन दिवसांत मान वाकते. ग्लॅडिओलसच्या काड्या आडव्या ठेवल्या की त्यांचे शेंडे आपोआप वर वळतात आणि सकाळी सगळा गठ्ठा वाकडा. त्या उभ्याच न्यायच्या.

आणि आंबा. मे महिन्यात ऐन लग्नसराईत आमच्याकडं माळ्यावर आंब्याची आढी असायची. पिकणाऱ्या फळातनं एक वायू निघतो, इथिलीन. त्यानंच फळ पिकतं आणि त्यानंच फूल म्हातारं होतं. कार्नेशन तर त्याच्या वाऱ्यालाही उभं राहत नाही, पाकळ्या आत मिटून घेतं. तेव्हापासून आंबा गोठ्याकडच्या खोलीत आणि फुलं पुढच्या खोलीत असा नियम झाला. आत्याबाईंना इथिलीन माहीत नव्हतं, पण हाराची बुट्टी केळ्याच्या घडाखाली ठेवू नये, हे त्यांना त्यांच्या सासूनं सांगितलं होतं.

गुच्छ करताना फुलं खोचायला हिरवा स्पंज वापरतात. तो पाणी धरतो, काम सोपं होतं. पण तो कुजत नाही, हाताखाली चुरा होतो आणि तो चुरा मातीत तसाच राहतो. आमच्या खताच्या खड्ड्यात सगळी फुलं मुरून गेली तरी हे हिरवे तुकडे वर येत राहिले, तेव्हा आम्ही जमेल तिथं जुन्या रीतीवर परत गेलो. केळीचा खुंट कापायचा, आडवा ठेवायचा, त्यात दांड्या खोचायच्या. खुंटात स्वतःचं पाणी भरपूर असतं. लग्नाचं स्टेज एक दिवस छान उभं राहतं आणि दुसऱ्या दिवशी खुंट म्हशींपुढं जातो.

आता त्या दिवसांबद्दल, ज्यांच्याबद्दल आमच्या गावात अजून हळू आवाजात बोलतात. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेला महापूर आला. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी चढलं आणि पुण्या-मुंबईचा रस्ता बंद झाला. श्रावण होता, रानात फूल होतं, आणि माल बाहेर जायला वाट नव्हती. पण पूर ओसरतो हे आम्हाला माहीत होतं. २०२० ला जे झालं त्याची कुणालाच सवय नव्हती. गुढीपाडवा २५ मार्चला होता. पाडव्यासाठी झेंडू, गलांडा, निशिगंध सगळं बेतून आणलेलं. मार्चच्या मध्यालाच देवळं बंद झाली. रविवारी, २२ तारखेला जनता कर्फ्यू. मग राज्यात संचारबंदी. २४ ला रात्री टीव्हीवर ऐकलं की मध्यरात्रीपासून सगळा देश बंद. दुसऱ्या दिवशी पाडवा.

त्या पाडव्याला रानात जाऊन आम्ही फूल तोडलं. विकायला नाही. झाडावर फूल सुकू दिलं तर झाड बियांच्या मागं लागतं आणि पुढचं फूल कमी होतं. महिनाभरानं बाजार उघडेल या आशेवर झाड तरी राखायला हवं होतं. म्हणून रोजच्यासारखं पहाटे उठायचं, रोजच्यासारख्या बुट्ट्या भरायच्या आणि बाजाराऐवजी खड्ड्यात ओतायच्या. पहिल्या दिवशी आत्याबाईंनी बुट्टी खड्ड्याच्या काठावर ठेवली आणि तिथंच बसल्या. मी म्हटलं, "आत्याबाई, मी ओततो." तर म्हणाल्या, "नको. मी लावल्यात, मीच टाकतो." सगळं ओतल्यावर त्यांनी मूठभर झेंडू मागं ठेवला आणि आमच्या दारातल्या गुढीला बांधला. त्या वर्षी आमच्या गल्लीत प्रत्येक गुढीला भरगच्च फुलं होती, कारण आम्ही ती वाटली. पण फुकट वाटलेल्या फुलानं रोजगार निघत नाही. शेजारच्या रानात एकानं उभ्या झेंडूत रोटर फिरवला. जोतिबाची चैत्री यात्रा त्या साली झाली नाही आणि पुढच्या सालीही नाही. देवळं नोव्हेंबरात उघडली, पुन्हा मिटली, आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेच्या दिवशी परत उघडली. त्या पहाटे शिंगोशी मार्केटात माणसं एकमेकांना सणासारखी भेटत होती. मामा ते बघायला राहिले नव्हते.

ते गेले त्या दिवशीचा हार घरातल्या घरातच झाला. मयताच्या हाराचा मामांचा एक नियम होता, तो आम्ही अजून पाळतो. रात्री-अपरात्री कुणीही दार वाजवलं तर उठून हार द्यायचा आणि दराचा शब्द आपण काढायचा नाही. देणारा देईल ते घ्यायचं. कुणी दिलं नाही तर मागायला जायचं नाही. या नियमानं आमचं काही बुडालं नाही.

लॉकडाऊननंतर गिऱ्हाईक परतलं, पण पूर्वीइतकं नाही. कारण मधल्या काळात प्लास्टिकच्या फुलांनी जागा घेतली. मंडपाच्या कमानी, हॉटेलांची दारं, दुकानांची तोरणं, आणि आता तर देवघरंसुद्धा. एकदा घेतलं की पाच वर्षं बघायला नको, असं लोक म्हणतात. १ जुलै २०२२ पासून देशात एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. त्या यादीत सजावटीचं थर्माकोल होतं, प्लास्टिकची फुलं नव्हती. फुलं पिकवणाऱ्यांच्या संघटनेनं त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात विधानसभेतही हा प्रश्न निघाला आणि सरकारनं बंदीची तयारी दाखवली. कायदा त्याच्या वाटेनं येईल. माझं म्हणणं सोपं आहे. झेंडू, निशिगंध, गलांडा ही तिन्ही आपल्या मुलखाची नव्हेत, ती अमेरिका खंडातनं आली. मेक्सिकोत तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला लोक आपल्या गेलेल्या माणसांसाठी घरात झेंडूच मांडतात. पण ती इथल्या मातीत रुजली, इथल्या बायकांच्या हातांना त्यांनी काम दिलं, म्हणून ती आपली झाली. प्लास्टिकच्या तोरणानं गडमुडशिंगीतल्या एकाही बाईला तोडणीची मजुरी दिलेली नाही.

आणि मजुरीवरनं एक गोष्ट सांगायलाच हवी. आमचा धंदा चालतो, कारण घरातल्या बायकांचे हात हिशोबात धरलेले नसतात. खत, औषध, टेम्पो, अडत, दोरा, सगळ्याची नोंद वहीत आहे. पहाटेची तोडणी, रात्रीचं ओवणं, याची नाही. बाहेरची बाई लावली तर तिची मजुरी लिहिली जाते, सुनेची नाही. मी दुकानाची वही हातात घेतली तेव्हा पहिलं काम हे केलं की आत्याबाईंच्या आणि माझ्या नावाचा रकाना पाडला आणि तासाप्रमाणं आकडा टाकला. त्या वहीकडं यांनी बराच वेळ बघितलं आणि मग म्हणाले, "म्हणजे आपण इतकी वर्षं तोट्यात होतो." तोट्यात नव्हतो. पैसा येत होता, फक्त तो कुणाच्या हातांचा होता ते लिहिलेलं नव्हतं. त्यानंतर आम्ही हाराचे दर वाढवले. काही गिऱ्हाइकं तुटली, बाकीची राहिली.

आत्याबाई आता रानात येत नाहीत. ओसरीवर बसून कळ्या निवडतात, अजूनही न बघता कच्ची कळी बाजूला काढतात. मुलगी कृषी पदविका करते आहे आणि ऑर्डरी मोबाइलवर घेते. ती हा धंदा करेल की नाही, हे मी तिला विचारत नाही. तिला वहीत हिशोब लिहायला लावते, तेवढं पुरे.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच मागणं आहे. घरात लग्न ठरलं की हॉल आणि केटररबरोबर फूलवाल्यालाही त्याच आठवड्यात सांगा. आम्हाला दोन महिने आधी कळलं तर झेंडू तुमच्या तारखेला रानातनं येईल, आदल्या रात्री कळलं तर कुठल्या तरी शिळ्या बादलीतनं येईल. हाराचा दर विचाराल तेव्हा किलोचा भाव मनात धरू नका, ओवायला लागलेला वेळ धरा. आणि येत्या दसऱ्याला दाराचं प्लास्टिकचं तोरण काढून झेंडू आणि आंब्याच्या पानांचं बांधा. सुकलं की कुंडीत टाका, माती होईल.